नवरीच्या डोळ्यांत उसन्या लेन्स घालणाऱ्या ताईंना खुलं पत्र

मेकअप ताई,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम’ लिहायचा रिवाज आहे, पण ते आज माझ्याकडून होणार नाही. नमस्कार तेवढा घ्या. तुमचं नाव मी लिहीत नाही. तुम्ही एकट्याच असता तर हे पत्र छापायला दिलं नसतं, फोन करून मोकळी झाले असते. पण आज तुम्ही प्रत्येक तालुक्याच्या गावी आहात, शहरात तर गल्लोगल्ली आहात. तुमच्या दरपत्रकावर एचडी मेकअप, हेअरस्टाइल, नऊवारी नेसवणं, खोट्या पापण्या आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘लेन्स फ्री’ असं लिहिलेलं असतं. त्या फुकटच्या लेन्सबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी ओळख देते. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डोळे तपासून लोकांना कॉन्टॅक्ट लेन्स बसवून देणं हे माझं रोजचं काम, तेव्हा लेन्सशी माझं वैर नाही. बुबुळाला शंकूसारखा फुगवटा येणारा केराटोकोनस नावाचा आजार असतो. त्यातल्या कितीतरी तरुण मुलांना चष्म्याने अक्षर लागत नाही. कडक लेन्स डोळ्यावर बसली की फळा दिसतो. त्या मुलांच्या आया माझ्यासमोर रडल्या आहेत. इतक्या मोलाच्या वस्तूची तुम्ही जी गत केली आहे ती पाहून मला संताप येतो.

तुमच्या हातात कला आहे, हे मान्य. पहाटेच्या मुहूर्तासाठी तुम्ही मध्यरात्री उठून येता, घामट हॉलमध्ये, फिरणाऱ्या पाहुण्यांच्या गर्दीत तासन्‌तास उभ्या राहता. स्वच्छताही तुम्हाला चांगली कळते. ब्रश तुम्ही शाम्पूने धुता, स्पंज प्रत्येक नवरीला नवा घेता, लिपस्टिक थेट ओठांना न लावता पट्टीवर काढून लावता. एकीची त्वचा दुसरीला बाधू नये म्हणून एवढी काळजी घेणारी बाई नवरीच्या बुबुळावर काय ठेवते? मागच्या मंगळवारी दुसऱ्याच मुलीच्या डोळ्यांतून काढलेली राखाडी लेन्स! गालाला नवा स्पंज आणि बुबुळाला जुनी लेन्स, हा न्याय तुम्हाला कोणत्या अकॅडमीत शिकवला?

तुमची ती प्लास्टिकची डबी मी पाहिली आहे. एका झाकणावर एल, दुसऱ्यावर आर. ग्रे, हेझल, हनी अशा जोड्यांच्या डब्या ओळीने मांडलेल्या. आत बुळबुळीत थर. कालच्या सोल्यूशनवरच आज थोडं ओतलेलं. सोल्यूशन संपलं तर मंगल कार्यालयाच्या बेसिनचा नळ आहेच, आणि तोही लांब असेल तर गुलाबपाणी.

माझ्या भाचीच्या लग्नात हेच झालं. लग्न दुसऱ्या गावी होतं. मी पोहोचले तेव्हा ती बोहल्यावर उभी होती आणि तिचे काळेभोर डोळे राखाडी झाले होते. मी हटकलं, तर ‘मावशी, आजच्या दिवस’ एवढंच ती म्हणाली. पहाटेपासून रिसेप्शनपर्यंत लेन्स डोळ्यांत राहिल्या. मध्ये लाजाहोमाचा धूर झाला, पाठवणीचं रडणं झालं, रात्री सासरी पोहोचल्यावर दमून तशीच झोपही लागली. दुसऱ्या दिवशी डोळा खुपायला लागला.

नव्या घरातली मुलगी पहिल्याच दिवशी डोळा दुखतो म्हणून सांगत नाही. समोर सत्यनारायण, पाहुणे, हळद उतरवणं. लाल डोळा पाहून सासरची माणसं माहेरच्या आठवणीने रडली असेल असं समजली. तिसऱ्या दिवशी कोणीतरी मेडिकलच्या दुकानातून थेंब आणून दिले. त्यात स्टिरॉइड होतं. त्याने लाली थोडी ओसरल्यासारखी वाटली आणि आतला जंतू बेफाम वाढला. ती डॉक्टरांपुढे बसली तेव्हा बुबुळावर पांढरा डाग दिसत होता. डाग खरवडून तपासणीला पाठवला, तिने नशिबाने जपून ठेवलेली डबीही पाठवली. दोन्हींत स्यूडोमोनास नावाचा जंतू सापडला. मग तासातासाला थेंब, दिवसा आणि रात्रीही, गजर लावून. डोळा वाचला. पण आपल्याकडे ज्याला डोळ्यात फूल पडणं म्हणतात ते पडलंच. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा तिला आता फुटलेला, पसरलेला दिसतो. संध्याकाळनंतर ती स्कूटर चालवत नाही.

तुम्हाला तिने फोन केला होता. तुम्ही म्हणालात, ‘आमच्याकडे कुणालाच असं होत नाही, तुम्हालाच ॲलर्जी असेल.’

ॲलर्जी नव्हती, ताई. ज्या पडद्यावर तुम्ही ती लेन्स चिकटवता तो समजून घ्या. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यात एकही रक्तवाहिनी नाही. असती तर आरपार दिसलं नसतं. म्हणून त्याला लागणारा ऑक्सिजन तो मुख्यतः थेट हवेतून, अश्रूंच्या थरातून घेतो. डोळे मिटले की हा पुरवठा सुमारे एक तृतीयांशावर येतो. मिटलेल्या पापणीखाली वर लेन्सही असली की पडदा गुदमरतो, सुजतो, त्याच्या वरच्या पेशी सैल होतात आणि लेन्सला चिकटलेल्या जंतूला आत शिरायला वाट मिळते. निरोगी पडद्यावरून जंतू पापणीच्या उघडझापीने आणि अश्रूंनी सहज धुतले जातात. लेन्सखाली ते धुतले जात नाहीत. स्यूडोमोनास तर इतका चपळ असतो की उपचार झाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत बुबुळाला भोक पाडू शकतो.

‘पण या लेन्सना नंबर नसतो ना!’ हे तुमचं आवडतं वाक्य. नंबर शून्य असला तरी जाडी शून्य नसते, आणि त्यातला रंग तर वरचा बोजा. लेन्स बसवण्याआधी मी बुबुळाचा बाक मोजते, व्यास पाहते, कोरडेपणा तपासते, लेन्स घालून ती पापणीबरोबर किती हलते ते सूक्ष्मदर्शकातून बघते, काढल्यावर फ्लुरोसिनचा पिवळा रंग टाकून कुठे ओरखडा आलाय का ते शोधते. सगळ्या नवऱ्यांना एकाच मापाचं ब्लाऊज तुम्ही शिवून दिलं नसतं. बुबुळाला मात्र एकच माप चालतं, असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत.

कायदाही हेच सांगतो. अमेरिकेने २००५ मध्येच शोभेच्या, बिननंबरी लेन्सही वैद्यकीय उपकरण ठरवल्या. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्या तिथे विकता येत नाहीत. भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणं सरसकट औषध कायद्याच्या कक्षेत आली, आणि कॉन्टॅक्ट लेन्स हे वैद्यकीय उपकरणच आहे. तुम्हाला घाऊक बाजारात खोट्या पापण्या आणि टिकल्यांच्या शेजारी ती टांगलेली मिळते, हा त्या दुकानदाराचा गुन्हा. तुम्ही ती चार जणींना घालता, हा तुमचा.

आता तुमच्या नळाविषयी. अकँथअमीबा नावाचा एक सूक्ष्म जीव माती, धूळ, विहिरी, टाक्या, नळ अशा सगळीकडे राहतो. पोटात गेला तर सहसा काही करत नाही, म्हणून पिण्याचं पाणी चांगलं आहे या दाखल्याचा डोळ्याला उपयोग नाही. अडचणीत सापडला की तो दुपदरी कवच करून आत बसतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते कवच फुटत नाही, वाळवूनही तो मरत नाही. ओल्या लेन्सवर तो चिकटतो आणि लेन्स त्याला थेट बुबुळावर नेऊन ठेवते. त्याचं दुखणं भयंकर असतं. माणसं अंधाऱ्या खोलीत तोंड झाकून बसतात. बऱ्याचदा ते हर्पिस विषाणूचं दुखणं समजून चुकीचे उपचार होतात, आणि खरं निदान झालं तरी औषध महिनोन्‌महिने घालावं लागतं.

इंग्लंडमध्ये हा आजार लेन्स वापरणाऱ्यांत जास्त का, याचा शोध घेताना संशोधकांचं लक्ष घरांच्या माळ्यावरच्या पाण्याच्या टाक्यांकडे गेलं. साठलेल्या पाण्यात अमीबा पोसला जातो, आणि रुग्णाच्या डोळ्यातला वाण त्याच्याच घरच्या नळात सापडल्याची उदाहरणं मिळाली. आता आपल्या इमारतींच्या गच्चीकडे पाहा. काळ्या टाक्यांची रांग, आत शेवाळ, शेवटची कधी धुतली ते सोसायटीच्या सेक्रेटरीलाही सांगता येणार नाही. मंगल कार्यालयाची टाकी याहून वेगळी नाही. आपल्या देशात या अमीबाचे बरेच रुग्ण लेन्स न वापरणारे असतात. शेतात डोळ्याला मार लागून किंवा घाण पाणी जाऊन त्यांना तो होतो. म्हणजे तो इथे मुबलक आहेच. त्याला नवरीच्या डोळ्यापर्यंत नेण्याचं काम तेवढं तुम्ही करता.

घरी मीठ-पाणी उकळून लेन्स धुण्याची युक्तीही मी ऐकली आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत लोक मिठाच्या गोळ्या आणि डिस्टिल्ड वॉटरपासून घरीच सलाईन बनवायचे. अकँथअमीबाची तिथली मोठी साथ या घरगुती सलाईनशी जोडलेली निघाली. विकतचं साधं सलाईनसुद्धा लेन्स फक्त खळबळतं, जंतू मारत नाही. त्यासाठी लेन्सचं निर्जंतुक करणारं सोल्यूशनच लागतं.

आणि ते सोल्यूशनही तुमच्यासारखं वापरलं तर हात टेकतं. २००६ साली सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युजॅरियम बुरशीची साथ आली. एका नामवंत कंपनीचं सोल्यूशन त्यामुळे जगभरातून मागे घ्यावं लागलं. दोष त्या सोल्यूशनमध्ये होताच, पण जुन्यावर नवं ओतण्याच्या सवयीनेही बुरशीला आसरा दिला, असं तपासात पुढे आलं. ती माणसं स्वतःची लेन्स स्वतःच्याच डबीत ठेवत होती. तुमच्या डबीत किती जणींचे अश्रू साठलेत, ते तुमच्या बुकिंगच्या वहीत पाहा.

२०२३ च्या जुलैत आळंदीपासून डोळे येण्याची साथ पसरली, ती आठवत असेल. डोळे येण्याचा विषाणू कोरड्या वस्तूवरही कित्येक दिवस तग धरतो. तेव्हा शाळांनी मुलांना घरी ठेवलं, लोकांनी रुमाल वेगळे केले. त्याच दिवसांत डोहाळजेवणाच्या फोटोंसाठी तुमची डबी एका घरातून दुसऱ्या घरात जात होती.

‘कुणालाच असं होत नाही’ हे तुमचं म्हणणं मी खोटं म्हणणार नाही. तुमच्या कानावर येत नाही, एवढंच. व्रण उमटायला दोन-चार दिवस जातात. तोवर तुमचे पैसे चुकते झालेले असतात, फोटो इन्स्टाग्रामवर चढलेले असतात आणि तुम्ही पुढच्या लग्नाला गेलेल्या असता. १९८९ मध्ये अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज रात्री मऊ लेन्स काढून ठेवणाऱ्या दहा हजारांत वर्षाला सुमारे चौघांच्या बुबुळाला जंतुसंसर्गाचा व्रण झाला. झोपेतही घालण्याच्या लेन्स वापरणाऱ्यांत सुमारे एकवीस जणांना. हे सगळे रीतसर तपासून, स्वतःची लेन्स स्वतःच वापरणारे लोक होते. तुमच्या राखाडी जोडीची मोजणी अजून कुणी केलेली नाही.

पैसा, प्रसिद्धी, हाताशी डॉक्टर असूनही कुणी सुटत नाही. जुलै २०२४ मध्ये हिंदी मालिकांतल्या अभिनेत्री जस्मिन भसीन दिल्लीच्या एका कार्यक्रमासाठी लेन्स घालून तयार झाल्या. काही वेळात डोळे असह्य दुखू लागले, दिसेनासं झालं, तरी काळा चष्मा लावून त्यांनी कार्यक्रम पूर्ण केला. बुबुळांना इजा झाल्याचं नंतर त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं. त्यांना सांगायला माईक होता. माझ्या भाचीला स्वयंपाकघरातही सांगता आलं नाही.

‘नवरीच मागते’ असंही तुम्ही म्हणाल. मागतेच. फोटोग्राफर म्हणतो डोळे उठून दिसतील, मैत्रीण म्हणते मीही घातल्या होत्या. मग तिला सरळ सांगा की लेन्स मी देत नाही. हव्या असतील तर लग्नाच्या महिनाभर आधी डोळे तपासून घे, आणि रोज एक फेकायच्या प्रकारातली स्वतःची सीलबंद जोडी घेऊन ये. एका दिवसासाठी तीच सर्वांत बरी. धुणं नाही, डबी नाही, रात्री काढली की कचऱ्यात. घालायला तिला आधी शिकू द्या. लग्नाच्या पहाटे, थरथरत्या हातांनी, पाच जणी बघत असताना ते शिकायचं नसतं. साबणाने हात धुऊन, कोरडे करून लेन्स पहिली जाते, फाउंडेशन, पावडर आणि चकाकी नंतर. केसांचा स्प्रे लेन्स घालण्याआधी मारा. पापणीच्या आतल्या कडेला काजळ ओढू नका. रात्री आधी लेन्स निघते, मग मेकअप. आणि हे काम तुम्ही घरी गेल्यावर व्हायचं असतं, म्हणून करवलीला बाजूला घेऊन सांगा की वहिनी कितीही दमली तरी लेन्स काढल्याशिवाय तिला झोपू देऊ नकोस.

महिनाभर वापरायच्या लेन्स असतील तर तो महिना पाकीट फोडल्या दिवसापासून मोजतात. चारच वेळा घातल्या म्हणून त्या वर्षभर पुरत नाहीत. लेन्स दर वेळी ताज्या सोल्यूशनने तळहातावर चोळून धुवायची, बाटलीवर चोळायची गरज नाही असं छापलेलं असलं तरी. डबी सोल्यूशननेच खळबळून, पुसून, पालथी वाळवायची आणि तीन महिन्यांत फेकायची. आंघोळीला, पोहायला, रंगपंचमीला लेन्स नको.

आणि भरून न येणारी एक गोष्ट. बुबुळावर मध्यभागी फूल पडलं तर उरतो तो बुबुळ बदलण्याचा मार्ग. ७ डिसेंबर १९०५ रोजी एदुआर्द झिर्म यांनी मोरावियातल्या ओलोमोउत्स गावी ही शस्त्रक्रिया माणसावर पहिल्यांदा यशस्वी केली. नंतर त्याच मुलखात जन्मलेल्या ओटो विख्टरले यांनी १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलांच्या खेळण्याच्या सुट्या भागांतून यंत्र जुळवून मऊ लेन्स बनवल्या. चष्म्याला कंटाळलेल्यांसाठी झटलेल्या माणसाची वस्तू आज तुमच्या डबीत आहे, आणि ती वापरून तुम्ही लोकांना झिर्म यांच्या टेबलावर पाठवता. त्या टेबलासाठी बुबुळ कुठून येतं? कुणीतरी मरतं, आणि रडत्या घरातलं एखादं माणूस सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन करतं, तेव्हा येतं. शेतात गवताचं पातं लागून अंध झालेली माणसं त्यासाठी रांगेत उभी आहेत. फोटोत डोळे राखाडी दिसावेत म्हणून त्या रांगेत आणखी एक माणूस उभं करण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

ताई, आज दोन कामं करा. तुमच्या मेकअपच्या पेटीतल्या लेन्सच्या सगळ्या जोड्या आणि डब्या फेकून द्या. धुऊन ठेवू नका, कुणा शिकाऊ मुलीला सरावाला देऊ नका. मग वही काढा आणि गेल्या पंधरवड्यात ज्या ज्या मुलीच्या डोळ्यांत त्या घातल्यात तिला फोन लावा. डोळा लाल आहे का, दुखतो का, पाणी येतं का, उजेड सहन होतो का, धूसर दिसतं का, एवढं विचारा. एकालाही ती हो म्हणाली तर लेन्स पुन्हा घालू नकोस, दुकानातले थेंब टाकू नकोस, डोळ्यावर पट्टी बांधू नकोस, लेन्स किंवा डबी तुझ्याकडे राहिली असेल तर फेकू नकोस, ती बरोबर घेऊन आजच्या आज नेत्रतज्ज्ञांकडे जा, असं तिला सांगा. फोन सासूने उचलला तर सासूलाही हेच सांगा.

— एका नवरीची मावशी